हक्कसोडपत्रावर सही केली नाही, म्हणून मी 'स्त्रीवादी'?

सदाफुली
वडील जाऊन दीड वर्ष झालं. वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी अशी चार नावं लागली. गेल्या महिन्यात भावाचा फोन आला, "ताई, बुधवारी ये, सही करायची आहे." गेले. निबंधक कार्यालयाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे कागद तयारच होता. आई आणि आम्ही दोघी आपापला हिस्सा भावाला सोडून देतोय, 'स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता'. मला त्याआधी कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. वहिनीच्या पिशवीत दोन साड्या होत्या. थोरलीनं सही करायला पेन हातात घेतलं आणि मी म्हटलं, मला विचार करू द्या.

भाऊ गप्प राहिला. मामा म्हणाले, "पुण्याला ठेवून शिकवली, झाली स्त्रीवादी. आता घर फोडणार." तेव्हापासून नात्यात हाच शब्द फिरतोय, शिवीसारखा. मी कुणाचं काही हिसकावलं नाही, नवऱ्याशी भांडून आले नाही, पुरुषांचा मला राग नाही. विचार करायला वेळ मागितला, एवढंच. यात घर फोडण्यासारखं काय आहे ते मला खरंच समजून घ्यायचंय.

काळी_माती
ताई, राग मानू नका, दुसरी बाजू सांगतो. मी तुमच्या भावाच्या जागी आहे. दोन बहिणींच्या लग्नात सव्वा एकर विकलं. वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले, त्यांचं सगळं मी आणि बायकोनं केलं. सोसायटीचं कर्ज माझ्या डोक्यावर. आमच्याकडे समृद्धी महामार्गात जमिनी गेल्या, तेव्हा वीस वर्षं गावाकडे न फिरकलेल्या आत्या मोबदल्याच्या यादीत नाव आहे का बघायला आल्या. दुष्काळात यातली एकही आली नव्हती. स्त्रीवादाला हक्क दिसतो, कर्तव्य दिसत नाही, असं आम्हाला वाटतं ते यामुळे.

एक_मत
+१. आणि सासरच्या छळाच्या जुन्या 498अ कलमाचं काय? माझ्या मित्राच्या म्हाताऱ्या आईचं नाव फिर्यादीत घातलं होतं. समानता हवी तर सगळीकडे हवी.

बांधावरून
@एक_मत, मित्राच्या आईला त्रास झाला असेल तर तो वाईटच. पण म्हणून तर सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये सांगितलं की अशा गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही. इथे विषय जमिनीचा आहे, तिथेच राहू.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क महाराष्ट्रानं 1994 सालीच दिला. फक्त त्या वर्षी 22 जूनच्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. म्हणजे एकाच घरात थोरली बाहेर आणि धाकटी आत. 2005 मध्ये केंद्रानं हिंदू वारसा कायद्यात केलेल्या दुरुस्तीनं ती अट गेली. ती दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. इतकं सगळं झाल्यावरही 'हिस्सा मागणारी बाई' ही शिवीच राहिली, कारण कागदावरचा हक्क आपण माहेरपणाच्या बदल्यात परत घेतो. सही दिली तर दिवाळीला या, नाही तर दार बंद.

सदाफुली
@काळी_माती, तुमचं म्हणणं मला लागलं, कारण माझ्या भावानंही वडिलांचं केलंय. पण कर्तव्य नको असं मी कधी म्हटलं? 1987 मध्ये कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की लग्न झालेल्या मुलीवरही बापाला पोसायची जबाबदारी आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघंही येतात. कर्जाचा बोजा माझ्या हिश्श्यावर चढवा, मी हप्ता भरीन. मात्र लग्नातला खर्च माझ्या वाट्यात धरू नका. तो पैसा सासऱ्यांच्या मानपानात आणि जेवणावळीत गेला. माझ्या हातात त्यातलं काही आलं नाही.

पाटाचं_पाणी
मी नाशिक जिल्ह्यातली, वय 63. 1986 साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, तिथे आम्ही गावातून ट्रॅक्टरमध्ये बसून गेलो होतो. स्त्रीवाद हा शब्द आमच्यातल्या कुणी ऐकलाही नसेल. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, नवऱ्यानं आपणहून बायकोच्या नावावर जमीन करायची. आमच्या ह्यांनी दीड एकर केली. फेरफाराची नक्कल आणली त्या दिवशी मी ती देवापाशी ठेवली होती. तो कार्यक्रम देणारा पुरुष, जमीन देणाराही पुरुषच. त्यामुळे हे बायकांनी पुरुषांविरुद्ध काढलेलं आहे, हे मला पटत नाही.

पण खोटं बोलणार नाही. पुढे सासरे गेले आणि नणंदेनं हिस्सा विचारला, तेव्हा मीच आडवी आले. "तुला काय कमी आहे," असं तिला ओट्यावर सगळ्यांदेखत बोलले. तिनं सही केली. त्यानंतर ती भाऊबीजेला येते, ओवाळते, पण रात्रीची राहत नाही. अंथरूण घालते म्हटलं की शेवटची एसटी गाठायची म्हणते.

काळी_माती
मावशी, तुमचं वाचून थांबलो. माझ्या बहिणींनीही सह्या दिल्यात, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं, कागदच पुढे केला होता. तरी माझा प्रश्न आहेच. ताई, तुमचा हिस्सा लागला तर उद्या पेरणार कोण? चार एकराचे चार तुकडे झाले तर कुणाचंच भागणार नाही.

सदाफुली
तुकडे नकोतच. भावानंच कसावं, पीक त्याचं. सातबाऱ्यावरचं माझं नाव तेवढं राहू द्या, आणि विकायची वेळ आली तर मला विचारा. हे मी त्याला लिहून पाठवलंय. त्यानं वाचलंय, उत्तर दिलेलं नाही. काल रात्री आईचा फोन आला होता. म्हणाली, "माझी पण सही राहिलीय गं. तू थांबलीस, तर मी पण थांबते."