मदत हवी आहे: उन्हाळाभर राहायला जुनी मोटरबोट, पोलादी घ्यावी की फायबरची?

टिळकवाडी_काकू

नमस्कार मंडळी. प्रश्न बेळगावातून विचारतेय, पण बोट नेदरलँडमधली आहे. इथे बरेच दर्यावर्दी आणि इंजिनवाले असतात म्हणून लिहितेय.

मुलगी-जावई झ्वोले गावी नोकरीला आहेत. बेळगावात जूनची झड लागली आणि दांडीवरचे कपडे वाळेनासे झाले की आम्ही दोघं तिकडे जातो. त्यांचं घर दोन खोल्यांचं. पंधरा दिवस गोडीत जातात, नंतर आमचं आम्हालाच अवघडायला होतं. यंदा जावयांनी डोक्यात घेतलंय की एक जुनी मोटरबोट घ्यायची. उन्हाळ्यात आम्ही तिच्यावर राहायचं, शनिवार-रविवारी ते दोघं येणार, हिवाळ्यात ती शेडमध्ये जाणार. आमचे हे एका पायावर तयार. उद्यमबागेतल्या कारखान्यांत जन्म गेला, डिझेल इंजिन दिसलं की यांचे हात शिवशिवतात. मीही तयार आहे, पण राहायचं मला आहे, त्यामुळे मी आधी जिना बघते, मग इंजिन.

शोधून शोधून दोन बोटी राहिल्यात.

पहिली 1983 ची, डच बांधणीची, पोलादी, पावणेअकरा मीटर लांब. एकच पर्किन्स 4.236 इंजिन. मागे झोपायची केबिन, पुढे दुसरी, मध्ये स्वयंपाकघर आणि बैठक. वर यायला चारच पायऱ्या, धरायला दांडा आहे. डेकवर सागवानी पट्ट्या. दिसायला जुन्या एसटीसारखी, पण आतून बघितल्यावर मला बरं वाटलं.

दुसरी 1996 ची, अमेरिकन बांधणीची, फायबरची, दहा मीटर. दोन डिझेल इंजिनं, स्टर्नड्राइव्ह. वर फ्लायब्रिज म्हणजे छतावरून बोट चालवायची जागा, तिथे जायला जवळजवळ उभी शिडी. पांढरीशुभ्र, आत चामड्याचा सोफा. जावयांचा जीव हिच्यावर. किंमत पहिलीपेक्षा थोडी जास्त.

माझ्या अटी अशा: गुडघे साथ देत नाहीत, शिडी नको. यांची उंची पाच फूट अकरा, उभं राहून डोकं लागता कामा नये. रात्री उठताना एकमेकांच्या अंगावरून उतरायला लागू नये. कुकर बसेल असा गॅस हवा. संडास धड हवा. पडदे, रंग, सोफा यात मला काडीचा रस नाही.

परवाना लागतो का? जुनी पोलादी बोट म्हणजे गंजाचं घर का? आणि अडीच-तीन महिन्यांसाठी हा खटाटोप करावा का, तेही सांगा. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 च दिवस राहता येतं, ते ठाऊक आहे.

निपाणी_इंजिनरूम

काकू, जहाजावर इंजिनरूममध्ये आयुष्य काढलं, म्हणून बोलतो.

परवान्यावरच तुमचा निम्मा निकाल लागतोय. नेदरलँडमध्ये बोट 15 मीटरपेक्षा लहान असेल आणि ताशी 20 किलोमीटरच्या वर जाऊ शकत नसेल, तर चालवायला परवाना लागत नाही. तुम्ही हळू चालवता की जोरात, हे कुणी विचारत नाही. बोटीची ताकद किती, ते बघतात. पोलादी बोट ताशी चौदा-पंधराच्या पुढे जाणारच नाही. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. त्यापुढे इंजिन कितीही रेटा, ती स्वतःच्याच लाटेत मागून बसते आणि फक्त डिझेल पिते. फायबरची दोन इंजिनांवर पाण्यावर उचलून पळणारी आहे. तिला परवानाही लागणार आणि वेगवान बोट म्हणून नोंदणीही. जावई परीक्षा देतील हो, पण सोमवार ते शुक्रवार बोटीवर कोण? तुम्ही आणि काका. म्हणजे काका आपल्याच बोटीत पाहुणे.

आता स्टर्नड्राइव्ह. इंजिन आत, पंखा फिरवणारा पाय बाहेर, आणि दोन्हींच्या मध्ये रबराची घडीदार नळी, तीही पाण्याच्या रेषेखाली. ती ठरल्या मुदतीत बदलावीच लागते, आणि त्यासाठी बोट वर काढावी लागते. फाटली तर पाणी सरळ आत. तुमच्याकडे असे पाय दोन. कालव्यात ताशी सहा ते बाराचीच मर्यादा असते, तिथे ही पळणारी इंजिनं वर्षानुवर्षं रांगत चालवली की काजळी धरते ती वेगळीच.

पर्किन्सचं काकांना सांगायला नको. आपल्याकडच्या ट्रॅक्टरांतली सिम्पसनची इंजिनं पर्किन्सच्याच परवान्यावर सुरू झाली. ब्लॉक ओळखीचा निघेल. वेगळं आहे ते थंड करायचं काम. बाहेरचं पाणी, हीट एक्स्चेंजर, रबरी पात्यांचा पंप आणि पाण्याने भिजणारा एक्झॉस्ट. बिघाड बहुतेक तिथेच असतो.

बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगा, इंजिन चालू करून ठेवू नका. पोचल्यावर काकांनी पहिला हात ब्लॉकला लावायचा. कोमट लागला तर नमस्कार करून परत फिरायचं, किंवा दुपारपर्यंत तिथेच बसायचं. थंड इंजिन सुरू होताना थोडा पांढरा धूर चालतो, मिनिटाभरात गेला पाहिजे. निळा राहिला तर ऑइल जळतंय. काळा लोडवर आला तर इंजेक्टर, नाहीतर हवा कमी. आणि धुराबरोबर मागून पाणी धडधड पडतंय ना, ते बघा.

फ्रीसलँडचा_खानापुरी

काकू, मी तुमच्या जावयांच्या जवळच राहतो. इंजिनाचं दादांनी सांगितलं, मी पुलांचं सांगतो.

इकडे बोट निवडताना लोक लांबीच्या आधी उंची विचारतात. बरेच पूल उघडतात, पण सगळे नाही, आणि जे उघडत नाहीत ते अडीच-तीन मीटरवर असतात. फ्लायब्रिजवाली बोट घेतली की नकाशातले निम्मे छोटे कालवे तिथेच मिटले. पोलादी बोटीचा कापडी टप आणि समोरची काच खाली पाडता येते का, आणि पाडल्यावर पाण्यापासून किती उंची उरते, हे टेप लावून मोजा. जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका.

राहायला फ्रीसलँडची तळी उत्तम. मारेक्रिटे नावाच्या संस्थेचे फुकट धक्के आहेत, गवतात, गायींच्या शेजारी, एका जागी सलग तीन दिवसांपर्यंत राहू देतात. काही जुन्या पुलांवर अजूनही पूलवाला गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून तो बोटीसमोर सोडतो, त्यात नाणी टाकायची. काकांना सुट्टे युरो खिशात ठेवायला सांगा.

संडासाचं तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. 2009 पासून इकडे हौशी बोटीचा संडास पाण्यात सोडायला बंदी आहे. टाकी हवीच, आणि ती बंदरात पंपाने उपसता येईल अशी हवी. 1983 च्या बोटीत मूळची टाकी नसणार, कुणीतरी नंतर बसवलेली असेल. ती कुठे आहे, किती लिटरची आहे, आणि नळ्यांना हात लावल्यावर बोटांना वास राहतो का बघा. राहिला तर नळ्या झिरपायला लागल्यात, बदलाव्या लागतील.

वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट, मिक्सर इकडे चालतो. पण पुष्कळ धक्क्यांवर सहाच अँपिअर देतात, म्हणजे 1380 वॉट. इंडक्शन लावलं की फ्यूज उडतो आणि सगळ्या धक्क्याला कळतं काकूंनी चहा ठेवला. म्हणून गॅसच बरा. फक्त सिलिंडरचा कप्पा बाहेरून उघडणारा आणि तळाला बाहेर भोक असलेला हवा, कारण गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या पोटात जाऊन बसतो.

हिडकल_बॅकवॉटर

एवढं कशाला ओ, बोट इकडंच आणा की. हिडकलला पाणी हाय, पूल न्हाईत, परवाना विचारणारा न्हाई. रात्री जेवायला आमच्याकडं.

चोर्ला_उतार

मी जरा पाणी ओततो. आधी अशीच पोलादी बोट आठवडाभर भाड्याने घ्या. तिकडे भाड्याच्या बोटी गावोगाव मिळतात, परवाना नसलेल्यांनाही देतात. आठ दिवस सलग पाऊस लागला आणि साडेतीन मीटर रुंदीत चौघं कोंडली गेली की घरात कोणाचा आवाज चढतो ते कळेल. डच उन्हाळा म्हणजे आपल्याकडचा श्रावण, तेवढाच भरवशाचा. आणि बोट वर्षातून नऊ महिने बंद राहणार. जागेचं भाडं, विमा, हिवाळ्याची शेड, रंग, हे बंद काळातही चालूच.

टिळकवाडी_काकू

सगळ्यांचे आभार. हिडकलवाल्यांना जेवणाचं विसरू नका म्हणून सांगते.

चोर्ला दादा, भाड्याचं पटलं. जावयांनी मे महिन्यात एक आठवड्याची बोट बघितली आहे, आमच्या आधी ते दोघं जाऊन राहतील. आमच्या घरात कोणाचा आवाज चढतो ते मात्र बोटीवर जाऊन शोधायची गरज नाही.

परवान्याचं वाचून जावई गप्प झाले. रात्री मुलीचा फोन आला, "आई, सोफा गेला." म्हणजे आता पोलादीवरच चाललंय. पलंग मात्र एका बाजूने भिंतीला टेकलेला आहे. आतला माणूस रात्री उठला की बाहेरच्याने उठायचं. आत मी झोपणार नाही एवढं ठरलंय.

दोन गोष्टी नव्याने कळल्या. एक, दलालाने सांगितलं की तळाला मागच्या भागात दोन ठिकाणी वरून पत्रे जोडलेत, "काळजी नको, भक्कम केलंय." हे म्हणाले, भक्कम होतं तर जोडलं कशाला? दुसरं, सागवानी पट्ट्यांच्या कडेला एका जागी तपकिरी ओघळ आहे, अंगठ्याएवढा रुंद. मुलीने पुसून बघितला, पुसला गेला, दुसऱ्या दिवशी तिने फोटो पाठवला तर परत आलेला.

निपाणी_इंजिनरूम

काकू, तुमच्या त्या ओघळाने मला इंजिनापेक्षा जास्त काळजी लावली.

पोलादी बोट बाहेरून कमी आणि आतून जास्त गंजते. बाहेर रंग असतो, माणूस बघतो. आत बिल्जमध्ये म्हणजे बोटीच्या पोटाच्या तळाशी, न्हाणीच्या तळाखाली, नांगराच्या साखळीच्या कप्प्यात, खिडक्यांच्या चौकटीखाली कोणी बघत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोलादावर बसवलेलं सागवान. पट्ट्यांच्या फटीतला डांबरासारखा मसाला सुटला की पाणी खाली जातं, सुकत नाही, आणि लाकडाखाली डेकचा पत्रा वर्षानुवर्षं गंजत राहतो. पुसल्यावर परत येणारा ओघळ म्हणजे आत पाणी आहे. अख्खं सागवान काढून पत्रा दुरुस्त करून साधा घसरत नाही असा रंग लावणं हाच शहाणा उपाय, आणि तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

जोडपत्र्यांचं काकांचं बरोबर आहे. खालचा मूळ पत्रा पातळ झाला म्हणूनच वरून टाकला. काम चांगलं असू शकतं, पण दोन पत्र्यांच्या मध्ये काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही, आणि विमा कंपन्या अशा पॅचकडे वाकड्या नजरेने बघतात. म्हणून बोट पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्व्हेअरकडून अल्ट्रासाउंडने जाडी मोजून घ्या. दलालाने सुचवलेला सर्व्हेअर नको. या वयाच्या बोटींचा तळ मुळात चार-पाच मिलिमीटरचा असतो. मोजणीचा तक्ता मागा, प्रत्येक जागेचा आकडा हवा, नुसतं "ठीक आहे" चालणार नाही. कुठे तीनच्या आसपास उतरलं असेल तर त्या भागाचा पत्रा कापून नवा घालायच्या बोलीवरच पुढे जा.

बोट वर असताना जस्ताचे गोळे बघा, तळाऐवजी ते स्वतः गंजतात. गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, मॅग्नेशियम लागतं. धक्क्याच्या विजेच्या जोडणीला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे तारेतून येणारा गंजवणारा प्रवाह अडवणारा डबा, आहे का तेही विचारा. नसेल तर शेजारची बोट वाचते आणि तिच्यासाठी तुमचा तळ गंजत राहतो.

चिक्कोडी_हिशेब

पैशाचं आणि कागदाचं कोणी बोललं नाही म्हणून. बोट मुलीच्या किंवा जावयांच्या नावावर घ्या, तिकडचा पत्ता, विमा, नोंदणी सगळं सोपं पडतं. तुम्ही भर घालणार असाल तर मुलीला भेट म्हणून एलआरएसमधून, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून, पाठवा. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, पण वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, बँक कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, तरी तोवर अडकून पडतो. काका-काकूंनी निम्मे निम्मे पाठवा.

कागदांत व्हॅट भरल्याचा पुरावा बघा. तुमची बोट 1985 च्या आधीची आहे. ती 1992 च्या अखेरीस युरोपीय संघात होती हे दाखवता आलं तर व्हॅट भरलेला धरतात. जुन्या बंदराची पावती, विम्याचा कागद, काहीही चालतं. सीई या युरोपातल्या सुरक्षा-मानकाच्या खुणेचा नियम 1998 च्या जूनपासूनचा, त्यामुळे तिकडे कायम राहिलेल्या तुमच्या बोटीला तो लागत नाही. आणि पत्र्यावर कुठे कोरलेला नोंदणी क्रमांक आहे का शोधा. असेल तर बोट कडास्टरमध्ये, म्हणजे तिकडच्या सरकारी मालमत्ता-नोंदणी कार्यालयात, नोंदलेली आहे, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का ते तिथे तपासता येतं. करारात "सर्व्हे समाधानकारक आल्यास" हे कलम असल्याशिवाय अनामत देऊ नका.

फ्रीसलँडचा_खानापुरी

एक राहिलं. बंदराशी करार करताना उन्हाळ्यात बोटीवर सलग राहिलेलं चालतं का, हे लिहून घ्या. सुट्टीत राहू देतात, पण कायमचं घर केलेलं बहुतेकांना चालत नाही. तुम्ही मधून मधून फिरत राहिलात तर कोणी काही म्हणत नाही.

पलंगाचं म्हणाल तर तो भिंतीपासून सोडवून मध्ये घेता येतो. मागच्या केबिनीत खाली पाण्याची किंवा डिझेलची टाकी नसेल तर एखादा सुतार सहज करून देईल. आधी गादी उचलून खाली काय आहे ते बघा.

टिळकवाडी_काकू

गादी उचलून बघितली. म्हणजे मुलीने बघितली, मी व्हिडिओ कॉलवर. खाली पाण्याची टाकी आहे, पण डाव्या अंगालाच, सुताराला वाव आहे.

दलालाला सागवान आणि जोडपत्र्यांचं विचारलं. आधी हसला, मग बोट वर काढायला तयार झाला, क्रेनचा खर्च निम्मा तो देणार. सर्व्हेअर आम्ही आमचा ठरवतोय. जाडीचा तक्ता हातात आला की इथे आकडे टाकते, निपाणीचे दादा, तेव्हा नजर टाका. अहवाल डचमध्ये असणार, मुलगी सांगेलच, पण वेल्डिंगच्या भाषेत तीही अडते. खानापूरचे तुम्ही झ्वोलेच्या जवळ आहात तर त्या दिवशी बंदरावर येऊ शकाल का? जेवण आमच्याकडून, कुंदा मी मुलीकडे आधीच पाठवलाय.