स्पीडस्टर रेप्लिका: कागदावर १९६९ ची फोक्सवॅगन, पण बॉडी कोणाची?

तिरकस_हेडलाइट
पोर्शेच्या जुन्या ३५६ स्पीडस्टरसारखी दिसणारी फायबरग्लासची नक्कल (रेप्लिका) आहे. कागदपत्रांवर "फोक्सवॅगन, १९६९" एवढंच. नंबर ११९ ने सुरू होतो, एकूण नऊ आकडी. इंजिन मागे, एअर-कूल्ड, बीटलचंच. समोरच्या बॉनेटवर पोर्शेचा मोनोग्राम, उजव्या फेंडरवर (चाकावरच्या भागावर) रॉयटर या बॉडी बांधणाऱ्या कंपनीचा बिल्ला, आणि आत ॲल्युमिनियमची एक चॅसी प्लेट, तिच्यावर ८ ने सुरू होणारा पाच आकडी नंबर. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. समोरची काच तडकली आहे, ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा बसत नाही आणि टप फाटलाय. सुटे भाग मागवायचे तर प्रत्येक विक्रेता आधी "मेक कोणता?", म्हणजे बनवणारा कोण, विचारतो. शोधायचं कसं? बॉडीच्या आकारावरून कळेल का?

मागचं_इंजिन
बिल्ले आणि ती प्लेट आधी हिशोबातून काढा. स्पीडस्टरच्या बॉडी रॉयटरनेच बांधल्या आणि मूळ नंबर ८०००० च्या मालिकेतले होते, हे खरं. पण दोन्ही गोष्टींच्या नकला कोणालाही विकत मिळतात आणि रिव्हेट करता येतात. मूळ गाडीची बॉडी पत्र्याची असते. लोहचुंबक फेंडरला चिकटला नाही, की तो विषय संपला.

आता कागदावरचा नंबर. तो रेप्लिका बनवणाऱ्याचा नाही, खालच्या बीटलचा आहे. ऑगस्ट १९६४ पासून फोक्सवॅगनच्या नंबरात पहिले दोन आकडे मॉडेल सांगतात (११ म्हणजे साधी बीटल, १५ कन्व्हर्टिबल, १४ कारमान घिया) आणि तिसरा आकडा मॉडेल वर्ष. म्हणजे ११९ ही १९६९ ची साधी बीटल. १९७० पासून नंबर दहा आकडी झाला. हा नंबर मधल्या टनेलवर (फरशीच्या मध्यातून लांबीने जाणाऱ्या उंच भागावर), मागच्या सीटच्या जागी, गिअर रॉडचा जोड उघडायच्या झाकणाजवळ ठोकलेला असतो. गालिचा उचला, वायर ब्रशने गंज काढा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा आणि छाप घ्या. नुसता फोटो काढला तर गंजात ३ आणि ८ सारखेच दिसतात.

छाप कागदाशी जुळते का, ते पाहा. १३ ने सुरू होणारा नंबर निघाला तर सावध व्हा. तो १३०३ सुपर बीटलचा. तिचं पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन पद्धतीचं, आणि या रेप्लिका बहुधा पुढे टॉर्शन बारचा (पीळ खाणाऱ्या स्प्रिंग-दांड्यांचा) बीम असलेल्या पॅनवर, म्हणजे बीटलच्या खालच्या लोखंडी फरशीवर, बसवतात. अशा वेळी कागद एका गाडीचे आणि पॅन दुसरीचा असू शकतो.

इंजिन नंबरच्या मागे लागू नका. बीटलचं इंजिन चार बोल्टवर निघतं, त्यामुळे आज असलेलं इंजिन पहिलंच आहे असं धरता येत नाही.

गेलकोट
बॉडीच्या आकारावरून? जवळपास नाहीच. या धंद्यात एकाने दुसऱ्याच्या तयार बॉडीवरून साचा काढायचा हे सर्रास चालत आलंय. पॉलिएस्टर रेझिन सुकताना थोडं आक्रसतं, म्हणून नकलेची नक्कल मूळपेक्षा किंचित लहान आणि कडांना बोथट निघते. मूळ साच्यात फेंडरवर एखादा चढ राहिला असेल तर तोच चढ तीन वेगवेगळ्या बनवणाऱ्यांच्या गाड्यांवर सापडतो. शिवाय साचे विकले जातात. कंपनी बंद होते, साचा दुसरीकडे जाऊन चालू राहतो.

बाहेरून बघण्यापेक्षा बॉडी आतून बघा. पुढच्या बॉनेटखाली, स्पेअर चाकाच्या खळग्यामागे, डॅशबोर्डच्या पाठीमागे आणि दरवाजाच्या आतल्या पोकळीत. तिथे रंग सहसा पोचलेला नसतो. चौकडी विणीचं कापड दिसतंय का, की बोटभर लांबीचे तंतू वाटेल तसे पसरलेत? तंतूंमध्ये सरळ जोडकडा दिसली तर हाताने चटया टाकल्यात. सलग, जाडी कमीजास्त असा थर असेल तर गनने फवारलेलं काम. जेलकोटचा, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या रंगीत रेझिन थराचा, मूळ रंग कोणता? रेझिनखाली दाबलेली चिठ्ठी, मार्करने लिहिलेला नंबर, प्लायवूडचे तुकडे, जे दिसेल त्याचा फोटो घ्या. दोन किंवा चार रिव्हेटची मोकळी भोकं दिसली तर तीही. कंपनीची पट्टी रंगकामाच्या वेळी काढतात आणि ती परत लागत नाही.

मागचं_इंजिन
गेलकोटशी सहमत, फक्त एक भर. बॉडी उधार घेता येते, पण ती बॉडी खालच्या लोखंडाला जोडायची कशी हे प्रत्येकाला स्वतःच सोडवावं लागतं. म्हणून ओळख त्या जोडात शोधायची. गाडी चार स्टँडवर चढवा (जॅकवर नको) आणि खालून बघा.

पहिली गोष्ट म्हणजे व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर). पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यातून ओळंबा सोडा, जमिनीवर खुणा करा आणि दोन्ही बाजूंनी मोजा. बीटलचा व्हीलबेस २४०० मिमी, मूळ ३५६ चा २१००. म्हणजे पॅनमधून सुमारे ३०० मिमी कापून काढावे लागतात. डावं-उजवं माप ५ मिमीपेक्षा जास्त चुकत असेल तर पॅन वाकडा जोडलाय किंवा गाडीने मार खाल्लाय.

दुसरं, खाली नक्की काय आहे. तीन प्रकार भेटतात:

बीटलचा पॅन कापून जोडलेला आणि बॉडी थेट त्यावर बोल्ट केलेली. हे बहुतेक घरगुती किंवा छोट्या कारखान्याचं काम.

कापलेला पॅन, आणि त्याच्या कडेने चौकोनी किंवा आयताकृती नळीची सबफ्रेम, जिला बॉडी चिकटवलेली असते. फ्लोरिडाच्या क्लासिक मोटर कॅरेजेसचे म्हणजे सीएमसीचे किट (स्वतः जोडायचे संच) या जातीचे. फायबरफॅब ही दुसरी किट कंपनी १९८३ मध्ये त्यांच्याकडेच गेली, म्हणून त्या दोन नावांच्या किटमध्ये फरक शोधत बसू नका. कॅलिफोर्नियाच्या व्हिंटेज स्पीडस्टर्सच्या गाड्याही कापलेल्या पॅनवरच्या, पण त्या मुख्यतः तयार विकल्या गेल्या. इंग्लंडमधली चेसिलसुद्धा कापलेल्या बीटल पॅनवर.

बीटलचा पॅन अजिबात नाही, पूर्ण स्वतःची चॅसी. इथे बेक किंवा नंतरच्या काळातली इंटरमेकॅनिका या बनवणाऱ्यांचा विचार करायचा. इंटरमेकॅनिका १९५९ मध्ये तुरिनला सुरू झाली, पुढे कॅलिफोर्निया आणि शेवटी व्हँकुव्हर. सुरुवातीच्या स्पीडस्टर त्यांनीही कापलेल्या पॅनवर काढल्या, त्यामुळे पॅन सापडला म्हणून त्यांचं नाव लगेच खोडू नका. दरवाजात वर-खाली होणाऱ्या काचा आहेत का तेही सांगा. मूळ स्पीडस्टरला त्या नव्हत्या, बाजूचे पडदे असायचे. काचा आल्या त्या ३५६ च्याच कन्व्हर्टिबल डी मध्ये, आणि इंटरमेकॅनिकाची रोडस्टर त्याची नक्कल आहे.

सुटा_नटबोल्ट
तारखांसाठी डॅशबोर्डवरचे व्हीडीओ कंपनीचे मीटर काढून मागे बघा. डब्यावर महिना-वर्षाचा शिक्का असतो. सीट बेल्टच्या शिवणीजवळच्या पट्टीवरही वर्ष छापलेलं असतं. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे (२००० पासून) आठवडा आणि वर्ष सांगतात, पण टायर बदललेले असणारच. तीन-चार तारखा एकमेकींच्या जवळ आल्या की गाडी साधारण कधी उभी राहिली ते कळतं, आणि त्या काळात नसलेल्या कंपन्या आपोआप गळतात.

दिव्यावरचं गोलातलं ई१, ई३, ई११ पाहून देश ठरवू नका. ई१ म्हणजे त्या दिव्याला जर्मनीत मान्यता मिळाली, ई३ इटलीत, ई११ ब्रिटनमध्ये. गाडीशी त्याचा संबंध नाही. ही चूक सारखी दिसते.

तिरकस_हेडलाइट
बघितलं सगळं. टनेलवरची छाप कागदाशी जुळते. व्हीलबेस डावीकडे २१०२, उजवीकडे २१०४. पॅन कापलेला आहे, वेल्ड पुढच्या सीटखालून आडवा जातो. कडेने आयताकृती नळीची सबफ्रेम, बॉडीला आतून फायबरच्या पट्ट्यांनी जखडलेली. आतल्या बाजूला तंतू वाटेल तसे, जेलकोट पांढरा. बॉनेटखाली डाव्या कोपऱ्यात रिव्हेटची चार मोकळी भोकं, आयताच्या कोपऱ्यांवर. मीटरवर १९८५ आणि ८६ चे शिक्के, बेल्टवर १९८६. वायरिंग तीन रंगांच्या तुकड्यांचं, जोड टेपने. काचा नाहीत, पडदे आहेत. मागचं सस्पेन्शन आयआरएस (इंडिपेंडंट रिअर सस्पेन्शन).

मागचं_इंजिन
आयआरएस असेल तर तो पॅन बहुधा अमेरिकन बाजारातला. तिकडे १९६९ पासून साध्या बीटललाही ते आलं, इतरत्र जुन्या पद्धतीचा स्विंग ॲक्सल बरीच वर्षं चालू राहिला. हा पॅन, सबफ्रेम, १९८५-८६ आणि ते वायरिंग एकत्र धरलं तर हे कारखान्यातून तयार निघालेलं काम नाही, कोणीतरी किट आणून बांधलंय. पहिला संशय सीएमसी-फायबरफॅबवर. पण लिहिताना "बहुधा" लिहा.

"बहुधा" काढून टाकायचं असेल तर सीएमसीचं असेंब्ली मॅन्युअल मिळवा, मालकांच्या गटांमध्ये स्कॅन फिरत असतात. चित्रं तुमच्या गाडीशी ताडून बघा: सबफ्रेमच्या आडव्या नळ्या कुठे येतात, दरवाजाच्या खांबाचा ब्रॅकेट कसा आहे, बिजागऱ्यांच्या बोल्टमधलं अंतर किती. नळीची बाहेरची मापं व्हर्नियरने घ्या, रंगाचा थर खरवडून. बंपर, दिवे, आरसे यांची भोकं मात्र मोजू नका. ती ज्याने बांधली त्याने पाडलेली असतात, कंपनीने नाही.

एक गोष्ट वेगळी ठेवा: किट कोणाचं आणि बांधलं कोणी, हे दोन प्रश्न आहेत. सुटे भाग पहिल्यावर ठरतात, गाडी कशी चालते ते दुसऱ्यावर.

गेलकोट
काचेसाठी मेकचं नाव कळलं तरी नुसतं नाव सांगून मागवू नका. काउलचा (काचेखालच्या बॉडीच्या भागाचा) वक्र किट बांधताना ताणला-दाबला जातो. फ्रेम सोडवा, जाड पुठ्ठ्यावर खालच्या कडेचा वक्र उतरवा, मधली उंची आणि दोन्ही टोकांच्या उंच्या वेगळ्या लिहा. काच लॅमिनेटेड असते, कमी पडली तर वाढत नाही आणि फ्रेममध्ये ताण देऊन बसवली तर पहिल्या खड्ड्याला कोपऱ्यातून जाते. तुमची मुळात तशीच तडकली असेल, तडा कोपऱ्यातून निघालाय का बघा.

दरवाजा बसत नाही त्याचं कारण बिजागरीत शोधण्याआधी उंबऱ्याखालची सबफ्रेम हातोडीने हलकेच वाजवा. या नळ्यांना बरेचदा पाणी निघायला भोक नसतं, त्या आतून सडतात, मग गाडी मध्यात खचते आणि दरवाजाची मागची फट वरच्या बाजूला मिटते. बद्द आवाज आला की बिजागरीला हात लावू नका. आधी चाकं जमिनीवर असताना फट मोजा, मग स्टँडवर चढवून मोजा. फरक पडला तर दोष लोखंडात.

सुटा_नटबोल्ट
पॅन उघडा आहेच तर तो आडवा वेल्ड टनेलच्या *बाजूंवर* बघा, फरशीवरचा नाही. फरशी सगळे नीट जोडतात, टनेलच्या उभ्या भिंती घाईत राहतात आणि चीर तिथूनच जाते. आतून आधाराची पट्टी न घालता नुसते टोकाला टोक जोडलेले असतील तर ते काम पुन्हा करून घ्या.

कापताना टनेलमधली क्लचची नळी आणि गिअर रॉडही छोटी करावी लागते. दुसरा किंवा रिव्हर्स अडकत असेल तर रॉडची लांबी चुकलीय. मागचा जोड सैल करून थोडं समायोजन होतं, पण फार नाही. क्लच सोडताना गाडी थरथरत असेल तर गिअरबॉक्सजवळच्या लवचिक नळीचा झोल मोजा. तो २५ ते ४५ मिमी हवा, कमी असेल तर टोकाला वॉशर घाला. आणि पेडल दाबताना टनेलमधून कट्ट आवाज आला तर नळीचा आतला टाका सुटलाय. तो बाहेरून जुळत नाही, टनेलला खिडकी पाडूनच जोडावा लागतो. म्हणून वेल्डचं काम काढाल तेव्हा हेही त्याच फेरीत उरकून घ्या.