लिंकन की कॅडिलॅक? आधी सांभाळून बघा, मग बोला

ट्रॉयकर
परवा इथेच एकाने लिहिलं, "साठच्या दशकातली अमेरिकन लक्झरी गाडी म्हणजे लिंकन कॉन्टिनेंटल, विषय संपला. कॅडिलॅक म्हणजे नुसता भपका." खाली अंगठ्यांची रांग. त्यातल्या किती जणांच्या दारात यातली एक तरी गाडी उभी आहे? मी ६४ ची कॅडिलॅक कूप डी व्हिल चालवतो, आणि मित्राच्या ६३ च्या कॉन्टिनेंटल कन्व्हर्टिबलखाली माझे कितीतरी शनिवार गेलेत. म्हणून सविस्तर लिहितोय.

देखणेपणाबद्दल वाद नाही. ६० च्या अजस्र धुडापेक्षा सुमारे १५ इंच आखूड, सरळ रेषांची, मागचे दरवाजे उलटे उघडणारी अशी गाडी लिंकनची मालक असलेल्या फोर्डच्या डिझायनरने, एल्वुड एंगलने, ६१ साली दिली, ती आजही नजर खिळवते. लिंकनच्या विक्समच्या कारखान्यात प्रत्येक इंजिन तीन तास पळवून बघायचे, वर २४ महिने किंवा २४,००० मैलांची वॉरंटी. मान्य. पण ती तपासणी कोऱ्या गाडीची होती. आज तीच गाडी साठी ओलांडून गेलीय.

कन्व्हर्टिबलचं छत घ्या. बटण दाबलं की डिकीचं झाकण मागच्या बाजूला उलटं उघडतं, छत घडी होऊन आत जातं, झाकण बंद होतं. बघायला स्वर्ग. त्यामागे पंप, हायड्रॉलिक नळ्या, लिमिट स्विच आणि रिलेंची अख्खी फौज आहे. एका रिलेचं टोक काळं पडलं की छत अर्ध्यात उभं. मागचा दरवाजा उघडताना काच आपोआप थोडी खाली यावी यासाठी वेगळी वायरिंग. वायपरसुद्धा पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या दाबावर चालतात. हे सगळं जाणणारा मेकॅनिक शोधा, मग आपण बोलू.

आता कॅडिलॅक. ४२९ क्युबिक इंचांचं इंजिन, ३४० हॉर्सपॉवर, आणि ६४ साली आलेला टर्बो हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. रोल्स-रॉइसने सिल्व्हर शॅडोत आणि फेरारीने ४०० मध्ये बसवला तो हाच. शेवरलेच्या ट्रकपर्यंत सगळीकडे वापरला गेला, त्यामुळे कुठल्याही गावात तो उघडणारा माणूस सापडतो. लक्झरी म्हणजे मनात आलं की किल्ली फिरवून निघता आलं पाहिजे. गराजमध्ये चादरीखाली झाकलेली गाडी ही माझ्या लेखी लक्झरी नाही.

उलटे_दरवाजे
ज्याला उत्तर देताय तो मीच, नाव घ्यायला काय हरकत होती? आणि होय, माझ्या दारात ६५ ची कॉन्टिनेंटल सेदान आहे.

तुमची अख्खी तक्रार कन्व्हर्टिबलच्या छताची. लिंकनने त्या काळात बनवलेल्या बहुतेक गाड्या सेदान होत्या, त्यांना हे छत नाहीच! कूपची तुलना कन्व्हर्टिबलशी करायची आणि वर आम्हाला अनुभव विचारायचा?

ब्रेकबद्दल मात्र तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. लिंकनला ६५ पासून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक स्टँडर्ड. तुमच्या डी व्हिलला चारही चाकांना ड्रम, जे तापले की पकड सोडतात. माझ्या आधीच्या गाडीलाही ड्रमच होते, कुठली ते सांगत नाही. ब्लू रिज डोंगराच्या उतारावर मागे बायको आणि दोन पोरं, पेडल दाबतोय आणि वेग तसाच. धूर निघाला तेव्हा गाडी एका वळणावरच्या मोकळ्या जागेत कशीबशी उभी केली. त्या दिवशी ठरवलं, दोन टनांच्या वरची गाडी घ्यायची तर डिस्कवालीच. तुमचा टर्बो हायड्रामॅटिक फेरारीत असेल, उतारावर त्याचं काय करू?

टॉर्शनबार
दोघेही क्रायस्लरच्या इंपीरियलचं नाव घेत नाही याचं आश्चर्य वाटतं. एंगल ६१ मध्ये फोर्ड सोडून क्रायस्लरला गेला आणि ६४ ची इंपीरियल त्यानेच आखली. ६६ पर्यंत तिला स्वतंत्र चासी होती, आणि इतकी भक्कम की बऱ्याच डेमोलिशन डर्बीवाल्यांनी (गाड्या मुद्दाम एकमेकींवर आपटायची स्पर्धा) तिला बंदी घातली.

ट्रॉयकर
@टॉर्शनबार, गाडी भक्कम, वाद नाही. पण मागच्या दिव्याची एक काच फुटली तर आणणार कुठून? इतक्या कमी बनल्या की सुट्या भागांसाठी दुसरी इंपीरियलच विकत घ्यावी लागते.

@उलटे_दरवाजे, डिस्कचा मुद्दा बरोबर आहे, त्यात मला पळवाट नाही. पण कॅडिलॅकने ६२ मध्येच ब्रेकचे दोन स्वतंत्र सर्किट दिले. एक नळी फुटली तरी दोन चाकं धरतात. तेही लिहा.

आणि या गाड्यांचा खरा शत्रू ब्रेक नाही, पेट्रोलमधलं दहा टक्के इथेनॉल आहे. मिशिगनचा हिवाळाभर गाडी उभी, टाकीत ते ओल ओढून घेतं. वसंतात कार्बोरेटर उघडला तर अॅक्सिलरेटर पंपाचा रबरी कप फुगून बाजूला वळलेला, तळाशी पांढरट गाळ. मक्यापासून इथेनॉल बनवायच्या राजकारणापायी जुन्या गाड्यांचे हाल चाललेत.

पंचगंगाकाठ
इतका वेळ मजेत वाचत होतो. इथेनॉलला शिव्या दिल्यात म्हणून लिहितो. आमचं घर उसावर चालतं, आणि इथेनॉल उसापासूनही बनतं. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचे पैसे लवकर सुटतात. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, १४ दिवसांत द्यावी असं कायदा सांगतो, पण वडिलांनी महिनोन्‌महिने वाट बघितलीय, बहिणीचं लग्न त्यात पुढे ढकललं होतं. कारखान्याची डिस्टिलरी आली तेव्हापासून बिल वेळेवर येतं. तुमच्या छंदाची गाडी वर्षातून चार वेळा निघणार, तिच्यासाठी आमच्या पोटावर पाय का?

कोथरूडची_डॉज
दादा, ऊसवाल्यांशी भांडण नाही. पण तिकडे दहा टक्क्यांवर रडतायत, इथे भारतात आता वीस टक्के झालं. माझ्याकडे कुर्ल्याला प्रीमियरने जोडलेली डॉज किंग्जवे आहे, आजोबांची. पंपावर नेहमीच्या पेट्रोलमध्ये बिनइथेनॉलचा पर्यायच नाही. निदान एक नोझल जुन्या गाड्यांसाठी ठेवा, एवढंच मागणं आहे.

पंचगंगाकाठ
मग रबर बदला! आमच्या जुन्या जीपच्या नळ्या आम्ही बदलल्याच.

टॉर्शनबार
नळ्या बदलून पेट्रोल उकळायचं थांबतं का? इथेनॉल मिसळलं की ते लवकर वाफ धरतं. ट्रॅफिकमध्ये बोनेटखाली तापलं की गाडी बंद. वर इथेनॉलमध्ये ऊर्जा तिसऱ्या हिश्शाने कमी. पैसे पूर्ण लिटरचे.

उलटे_दरवाजे
म्हणूनच मी कार्बोरेटर काढून इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवायचा विचार करतोय.

ट्रॉयकर
काय?! मूळ लिंकनचं कौतुक सांगत होतात आणि आता तिचंच काळीज काढणार? हे वाचून खरंच वाईट वाटलं.

उलटे_दरवाजे
आवाज खाली ठेवा. गाडी माझी आहे. तुम्हीच म्हणालात ना, किल्ली फिरवून निघता आलं पाहिजे?

ट्रॉयकर
ते शब्द माझेच, कबूल. पण त्यासाठी इंजेक्शन लागत नाही. रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या जे३०आर९ दर्जाच्या घ्या, पंपाचा कप इथेनॉलला टिकणारा मिळतो तो टाका, कार्बोरेटरखाली जाड स्पेसर बसवा म्हणजे उष्णता वर चढत नाही. हिवाळ्याआधीची शेवटची टाकी बोटींच्या धक्क्यावरून भरा, तिथे बिनइथेनॉलचं मिळतं. माझी गाडी एवढ्यावर चालते. @पंचगंगाकाठ, तुमच्या वडिलांचं वाचलं. शेतकऱ्याला दोष देणं हा हेतू नव्हता. कोथरूडकरांची एका नोझलची मागणी मात्र रास्तच आहे.

पंचगंगाकाठ
एका नोझलला आमचीही ना नाही. बिल वेळेवर येऊ द्या म्हणजे झालं.

उलटे_दरवाजे
नळ्या आणि स्पेसर या महिन्यात करतो. तेवढ्यापुरतं तुमचं ऐकलं. ब्रेक आणि दरवाज्यांबद्दल माझा एकही शब्द मागे घेत नाही. ६५ ची सेदान विरुद्ध ६५ ची डी व्हिल अशी बरोबरीची तुलना करायची असेल तर नवीन धागा काढा, इथे आता उसाशिवाय काही उरलेलं नाही.