कांद्याची नुसती पात का येते

अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या अंगणात कांद्याची नुसती पात वाढते, गड्डा धरत नाही, त्याचं खापर एका पोस्टमध्ये खतावर आणि चिकणमातीवर फोडलंय. चिकणमाती त्रासदायक आहेच, पण मला संशय वाणाचा आहे. कांदा गड्डा धरतो तो दिवसाच्या लांबीवर. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या वाणांना साधारण 14 तासांचा दिवस लागतो, आणि ह्यूस्टनला तो जेमतेम जूनमध्ये मिळतो, तोवर उन्हाने रोप थकलेलं असतं. तिथे 'शॉर्ट डे', म्हणजे लहान दिवसातही गड्डा धरणारे वाणच हवेत. टेक्सासचा प्रसिद्ध गोड कांदा '1015' घ्या. नावातच पेरणीची तारीख आहे, 15 ऑक्टोबर! तयार रोपं लावायची तर डिसेंबर-जानेवारीत लावा, एप्रिल-मेमध्ये काढा. म्हणजे आपल्या नाशिककडच्या उन्हाळी कांद्याचंच वेळापत्रक.

आणखी एक, रोपं निवडताना जाडजूड बघून हात जातो, तो आवरा. पेन्सिलीपेक्षा जाड रोपाला थंडी लागली की डेंगळे, म्हणजे मधून फुलाचे दांडे, येण्याची शक्यता वाढते. डेंगळे आलेच तर तो कांदा लगेच खाऊन टाका, टिकत नाही. मेथी-कोथिंबिरीला मात्र हीच थंडी मानवते.