हात आखूड म्हणून टॅकलचा गार्ड करायचा का?

जर्सीकर:
अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे एनएफएलच्या टीम कॉलेजची पोरं निवडतात तो, जवळ आला की दरवर्षी हेच. पोरगं कॉलेजात लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या रांगेचं डावं टोक) म्हणून भिंतीसारखं उभं राहिलेलं असतं, पण कंबाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीला, खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत हात मोजतात आणि 33 इंचाच्या आत निघाला की झालं, "हा गार्ड होणार", म्हणजे टॅकलच्या आतल्या बाजूची जागा. एलएसयू कॉलेजच्या विल कॅम्पबेलचा 32 5/8 निघाला, मग त्याच्या खेळाबद्दल कोणी बोलेचना. पॅट्रियट्स टीमनी 2025 ला चौथ्या नंबरवर घेऊन टॅकललाच उभा केला, बरोबर केलं. जो थॉमसचा हात साडेबत्तीस होता, क्लीव्हलंडच्या टीमसाठी सलग 10,363 स्नॅप (स्नॅप म्हणजे बॉल मागे देऊन सुरू होणारा एकेक डाव) खेळला, हॉल ऑफ फेमला गेला. बोला आता.

डॅलसकाका:
जो थॉमस शंभरात एक असतो हो. टॅकल टोकाला एकटा, समोरच्याचे हात लांब असले की तो आधी छातीवर पोचतो, मग तुमचं फुटवर्क गेलं बोंबलत. गार्डला दोन्ही बाजूंना आपला माणूस असतो. आमचा झॅक मार्टिन बघा, नोत्र देम कॉलेजला टॅकल, 2014 ला सोळावा पिक, पहिल्या मॅचपासून गार्ड, नऊ प्रो बोल, म्हणजे नऊदा मोसमातल्या उत्तम खेळाडूंत निवड. टॅकलला ठेवला असता तर बरा टॅकल झाला असता, इतकंच.

ओहायोवहिनी:
गार्ड म्हणजे काय टॅकलमधे नापास झालेल्यांचा वर्ग आहे का? माझ्या मुलाला हायस्कूलच्या कोचनी लेफ्ट टॅकलवरून राइट गार्डला टाकलं, घरी मी पोळ्या लाटतेय आणि हा माझ्या मागे ओट्यापाशी उजवा पाय मागे टाकून सरकतोय, रोज, डाव्या हाताने जेवायला सांगितल्यासारखा वैतागलेला. वर टॅकलला मागे सरकायला दोन पावलं तरी मिळतात, गार्डला स्नॅप झाला की समोरचा धिप्पाड गडी अंगावरच. कंबर किती खाली बसते ते बघा ना, हात काय मोजत बसलाय दोघं.

जर्सीकर:
वहिनी तुमचं पटलं, काकांचं नाही. नॉर्थवेस्टर्न कॉलेजचा रशॉन स्लेटर, हात 33, चार्जर्स टीमनी 2021 ला टॅकललाच खेळवला, पहिल्याच वर्षी प्रो बोल.

डॅलसकाका:
बरं झालं नॉर्थवेस्टर्न काढलंस. स्लेटरच्या जागी तिथे जो लेफ्ट टॅकल झाला तो पीटर स्कोरॉन्स्की, हात सव्वाबत्तीस, 2023 ला टायटन्सनी अकराव्या नंबरवर घेतला आणि गार्ड केला. कॉलेज एक, जागा एक, फरक पाऊण इंचाचा. टीमवाले काय वेडे आहेत?

ओहायोवहिनी:
पाऊण इंच?? नखं वाढवली असती बिचाऱ्याने 😄

जर्सीकर:
हसू नका वहिनी, कॅम्पबेलचा हात नंतर प्रो डेला, म्हणजे कॉलेजातल्या चाचणीला, बरोब्बर 33 भरला होता.