घरी बनवलेली जड डंबेल्स : आपले अनुभव लिहा

दहा-बारा किलोपर्यंतची डंबेल्स कशाचीही करता येतात. वाळू भरलेला डबासुद्धा तेवढ्यापुरता चालतो. पंचवीस किलोंच्या पुढे मात्र प्रकरण बदलते. वजन गोळा करणे तेथे अवघड नसते. ते मुठीला पक्के धरून ठेवणे आणि दोन्ही हातांत शेजारी-शेजारी मावेल अशा आकारात बसवणे अवघड असते. ज्यांनी एवढी जड डंबेल्स स्वतः बनवली किंवा समोर उभे राहून बनवून घेतली, आणि नंतर ती नियमित वापरली, त्यांनी साहित्य, जोड आणि वापरानंतरची स्थिती या तीन गोष्टी अवश्य लिहाव्यात, अशी विनंती आहे. नुसत्या कल्पना नकोत.

सुरुवात मीच करतो. माझी मूठ पाऊण इंची जी.आय. (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपची आहे. या पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे २७ मिलिमीटर असतो, त्यामुळे २८ मिलिमीटर भोकाच्या साध्या प्लेट्स तिच्यावर सहज चढतात. येथे लक्ष द्यायचे ते आट्यांकडे. पाइपच्या भिंतीची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर आणि आट्यांची खोली एक मिलिमीटरहून थोडी अधिक, म्हणजे जेथे आटे पाडले तेथे जवळजवळ निम्मा पाइप उरला. प्लेट्सचा भार मुठीच्या आतल्या कडेला सर्वांत जास्त वाकवतो. म्हणून आटे फक्त बाहेरच्या टोकाला ठेवले आणि आतला अडथळा आट्यांवर न बसवता जाड वॉशर वेल्ड करून केला. वेल्डिंगपूर्वी त्या जागेवरचा जस्ताचा थर घासून काढलाच पाहिजे, कारण जळत्या जस्ताच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. टोकाला एक नट पुरत नाही, हालचालीने तो सैल होतो. त्यामागे चेक नट (पहिल्याला अडवणारा दुसरा नट) घट्ट आवळल्यावर खडखड थांबली. प्रत्येकी तीस किलोंपर्यंत ही व्यवस्था निर्धोक चालली आहे, त्यापुढे मी तिला नेत नाही.

---

माझी डंबेल्स काँक्रीटची आहेत. २० सेंटीमीटर व्यासाचा आणि १५ सेंटीमीटर लांबीचा गोळा साध्या काँक्रीटमध्ये सुमारे सव्वाअकरा किलोंचा होतो, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून साडेबावीस आणि त्यात मूठ. हिशेब कागदावर बरा दिसतो, पण २० सेंटीमीटर व्यासाची दोन डंबेल्स छातीवर घेतली की ती एकमेकांना आपटतात आणि हात पुरेसे खाली जात नाहीत. म्हणून आकार न वाढवता वजन वाढवण्यासाठी दुसऱ्या जोडीत मी खडीचा मोठा भाग काढून त्याऐवजी लोखंडी पत्र्याच्या छिद्रांतून पडलेल्या चकत्या आणि जुने नट घातले. त्याच साच्यात एका गोळ्याचे वजन सतरा किलोंच्या आसपास गेले.

जोडाबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचे काम तेथेच फसते. गुळगुळीत पाइप काँक्रीटमध्ये नुसता रोवला तर त्याची पकड सुटते आणि गोळा मुठीभोवती फिरू लागतो. म्हणून पाइपच्या आत जाणाऱ्या भागाला आरपार भोके पाडून ८ मिलिमीटरच्या सळईचे दोन तुकडे एकमेकांना काटकोनात घातले, आणि गोळ्याच्या कडेपासून दोन-अडीच सेंटीमीटर आत बारीक जाळीचे एक कडे ठेवले. मिश्रणात पाणी शक्य तितके कमी ठेवले. सैल मिश्रण ओतायला सोपे असते, परंतु वाळल्यावर कमजोर होते. साच्याला बाहेरून लाकडी हातोडीने ठोकत राहिलो, तोवर बुडबुडे वर येत होते. त्यानंतर ओले गोणपाट गुंडाळून पुरते २८ दिवस हात लावला नाही. दुसरा गोळा ओतताना पहिला वर उलटा टांगलेला असतो, तेव्हा मूठ ओळंब्यात धरायला लाकडी चौकट हवीच. वापरात कडांचे टवके उडतात; आता गोळ्यांवर जुन्या टायर-ट्यूबचे पट्टे चढवले आहेत. जमिनीवर टाकण्याची सवय असणाऱ्यांनी काँक्रीटच्या वाटेला जाऊ नये.

---

लेथवर काम करण्यात आयुष्य गेले, त्यामुळे माझा कल भरीव पोलादाकडे आहे. गोल सळईचे वजन काढण्याचे कामगारांचे सूत्र सर्वांना उपयोगी पडेल : मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचे किलो. १५० मिलिमीटरच्या गोलाचा १० सेंटीमीटर लांबीचा तुकडा या हिशेबाने जवळजवळ १४ किलोंचा भरतो. असे दोन तुकडे आणि मध्ये २८ मिलिमीटर सळईची १३ सेंटीमीटर मूठ, असे डंबेल सुमारे साडेअठ्ठावीस किलोंचे होते आणि त्याची लांबी ३३ सेंटीमीटरच राहते. वरच्या प्रतिसादातील आपटण्याची तक्रार येथे उद्भवत नाही.

मूठ तुकड्याच्या तोंडावर टेकवून भोवताली वेल्ड मारणे मला मान्य नाही. तुकड्याला आरपार भोक पाडावे, भोकाच्या दोन्ही तोंडांना खोल चॅम्फर (तिरकी कड) द्यावा, सळई आरपार न्यावी आणि दोन्हीकडून चॅम्फर भरेपर्यंत वेल्ड करावे. एवढा जाड तुकडा वेल्डची उष्णता झपाट्याने ओढून घेतो आणि जोडाला बारीक तडा जाऊ शकतो, म्हणून आधी तो तापवून घ्यावा आणि काम झाल्यावर पाणी न मारता सावकाश निवू द्यावा. भंगारातील जुना शाफ्ट फुकट मिळत असेल तरी तो बहुधा मध्यम कार्बनचा असतो आणि वेल्डशेजारी ठिसूळ होतो. साधे माइल्ड स्टील (कमी कार्बनचे पोलाद) घ्यावे. नर्लिंग (पकडीसाठी मुठीवर खरखरीत नक्षी) वेल्डिंगपूर्वी करावे, नंतर मूठ लेथवर धरता येत नाही. आणि ते फार धारदार करू नये, तळहात सोलून निघतो.

---

मला वजन बदलता येणारी मूठ हवी होती आणि घरात ऑलिंपिक प्लेट्स होत्या, ज्यांचे भोक ५० मिलिमीटरचे असते. दीड इंची पाइपचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर असल्याने त्याचे तुकडे दोन्ही टोकांना बाही म्हणून बसवले, आत २५ मिलिमीटरची भरीव सळई घातली आणि मधली पोकळी कड्यांनी भरून वेल्डरकडून जोडून घेतली. मुद्दाम २५ मिलिमीटर निवडले, कारण माझ्या हाताला जाड मूठ झेपत नाही. पाठीच्या व्यायामात पाठ थकण्याआधी बोटेच सुटतात. प्लेट आणि बाही यांत दीड-दोन मिलिमीटर मोकळीक राहते, त्यामुळे थोडा आवाज होतो, पण त्रास होत नाही. प्लेट्स बाहेरून अडवणारी स्प्रिंगची क्लिप मात्र चाळीस किलोंना भरवशाची नाही. हात डोक्यावर असताना डंबेल कलले तर ती हळूहळू सरकते, आणि ती सरकताना आपल्याला दिसत नाही. त्याऐवजी स्क्रूने आवळणारे कॉलर (कडी) वापरावेत.

---

शिशाबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात. आमच्या गटात शिसे वितळवून ओतण्याची टूम निघाली होती. ते ३२७ अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे काम सोपे वाटते. परंतु साच्यात ओलावा राहिला तर वाफेने वितळलेले शिसे अंगावर उडते, आणि धूर व भुकटी विषारी असतात. मी ठाम विरोध केला. शिशाचे छरे (बारीक गोळ्या) भरण्याचा पर्यायही तपासला. छऱ्यांमधील पोकळ्या धरता एका लिटरला सात किलोंच्या आसपासच वजन पडते, जे भरीव पोलादापेक्षा कमी आहे, मग एवढी जोखीम कशासाठी?

---

जाड मुठीचा विषय निघाला म्हणून सांगतो की इंग्रज बलवान थॉमस इंच याचे प्रसिद्ध डंबेल सुमारे ७८ किलोंचे होते, पण त्याची मूठ सुमारे ६० मिलिमीटर जाड आणि गोळ्यांशी एकसंध होती. ते उचलताना बोटांतून गरगरत निसटते, आणि म्हणूनच कितीतरी बलदंड माणसांनाही ते उचलता आले नाही. मी हौसेपोटी एक जाड मुठीचे डंबेल बनवले आहे. ते केवळ पकडीच्या व्यायामाला ठेवतो.

माझी रोजची जोडी पोलादी आहे. तयार झाल्यावर सामान तोलण्याच्या हुकाच्या काट्यावर दोन्ही वेगवेगळी तोलली, तेव्हा एक दुसऱ्यापेक्षा बरेच जड निघाले. मग मुठीच्या बरोबर मध्यावर दोरी बांधून जड डंबेल टांगले, जी बाजू खाली झुकली तिच्या बाहेरच्या तोंडावर ड्रिलने भोके घेतली, आणि दोन्हींतला फरक २०० ग्रॅमच्या आत आल्यावर थांबलो. भोकांत गंज धरू नये म्हणून रंग भरला आहे. बाहेरची तोंडे सपाट ठेवण्याचा फायदा वेगळाच आहे : बाकावर बसताना डंबेल मांडीवर उभे टेकवता येते आणि गुडघ्याच्या रेट्याने छातीपर्यंत नेता येते. मुठीचे टोक बाहेर डोकावत असेल तर ते मांडीत रुतते, म्हणून वेल्ड झाल्यावर तोंड ग्राइंडरने सपाट करून घ्यावे.