'टू' कधी, 'आयएनजी' कधी? यादी पाठ असूनही मुलं चुकतात

परळची शिकवणी
बारावीच्या मुलांना इंग्रजीतले जेरंड (आयएनजी लावून केलेलं नाम) आणि इन्फिनिटिव्ह (टू अधिक मूळ क्रियापद) शिकवतेय. बहुतेक जण मराठी माध्यमातून आलेले. 'एन्जॉय', 'अव्हॉइड', 'फिनिश'पुढे आयएनजी; 'वॉन्ट', 'डिसाइड', 'रिफ्यूज'पुढे टू, ही यादी घडाघडा म्हणतात. लिहायला बसले की मात्र 'आय एन्जॉय टू रीड' आणि 'ही सजेस्टेड मी टू टेक द स्लो ट्रेन' हमखास येतं. 'स्टॉप' आणि 'रिमेंबर'ला तर सगळाच गोंधळ. यादीपलीकडे काही धरता येईल का?

दादर पश्चिम
ताई, चुकीचं मूळ मराठीत आहे. 'वाचायला आवडतं', 'वाचायला लागलो', 'वाचायला तयार आहे': तिन्हीकडे एकच रूप. 'यला' दिसलं की मुलं टू लावतात. 'रेडी टू रीड'ला ते चालून जातं, 'एन्जॉय'ला फसतं. म्हणून आयएनजीवाल्या क्रियापदांची यादी पाठ करण्याला पर्याय नाही. फक्त ती लहान ठेवा: एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, कीप, डिनाय, प्रॅक्टिस, पोस्टपोन, सजेस्ट, गिव्ह अप. एवढी पक्की करून घ्या, बाकीची वाचनातून येतील.

'स्टॉप' आणि 'रिमेंबर'ला मात्र मराठीच वाट दाखवते. फळ्यावर जोड्या लिहा.

'ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी': तो चहा प्यायला थांबला.
'ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी': त्याने चहा सोडला.
'रिमेंबर टू लॉक द डोअर': कुलूप लावायचं लक्षात ठेव.
'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर': कुलूप लावल्याचं आठवतंय.

'लावायचं' म्हणजे काम अजून व्हायचंय, तिथे टू. 'लावल्याचं' म्हणजे होऊन गेलंय, तिथे आयएनजी. 'रिग्रेट'लाही हेच: 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू'मध्ये बातमी आता सांगायची आहे, 'आय रिग्रेट टेलिंग हिम'मध्ये सांगून बसल्याचा पस्तावा आहे. 'ट्राय' या साच्यात बसत नाही, तो वेगळा शिकवा. 'ट्राइड टू ओपन द विंडो' म्हणजे उघडायची खटपट केली, खिडकी बहुधा अडकलेली होती. 'ट्राइड ओपनिंग द विंडो' म्हणजे उघडून पाहिली, उकाडा कमी होतो का ते बघायला.

'सजेस्ट'नंतर लगेच माणूस घालायचा नाही. 'सजेस्टेड टेकिंग' किंवा 'सजेस्टेड दॅट आय टेक'. माणूस हवाच असेल तर 'अ‍ॅडव्हाइज्ड मी टू टेक'. 'अलाउ'पुढे माणूस नसेल तर आयएनजी, असेल तर टू: 'दे डोन्ट अलाउ पार्किंग हिअर', पण 'दे डोन्ट अलाउ अस टू पार्क हिअर'.

शिवडीकर
नोकरीच्या अर्जात सर्रास दिसणारी चूक इथे हवीच: 'लुक फॉरवर्ड टू मीट यू'. इथला टू प्रीपोझिशन (शब्दयोगी अव्यय) आहे, म्हणून 'मीटिंग यू'. ओळखायची खूण सोपी. टूनंतर एखादं नाम ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू द इंटरव्ह्यू' चालतं, म्हणजे क्रियापद आलं तर आयएनजी. 'डिसाइडेड टू द इंटरव्ह्यू' चालत नाही, म्हणजे मूळ क्रियापद. 'ऑब्जेक्ट टू' (हरकत घेणं) यालाही हीच कसोटी लावा.

'यूज्ड टू'ची जोडी मुंबईच्या मुलांना पटकन कळते. 'आय यूज्ड टू ट्रॅव्हल बाय लोकल': पूर्वी लोकलने जायचो. 'आय अ‍ॅम यूज्ड टू ट्रॅव्हलिंग बाय लोकल': लोकलची सवय झाली आहे. मधल्या 'अ‍ॅम'वर सगळं अवलंबून.

माटुंगा ईस्ट
'भेटण्यासाठी आलो' याचं 'आय केम फॉर मीटिंग यू' होतं, तेही खोडून काढा. कोण कशासाठी आलं, गेलं, थांबलं हे सांगायचं तर टू: 'आय केम टू मीट यू'. 'फॉर' अधिक आयएनजी वस्तूच्या उपयोगासाठी ठेवा: 'अ नाइफ फॉर कटिंग फिश'.

'मेक' आणि 'लेट'नंतर टू नाही: 'दे मेड अस वेट'. कर्मणी केलं की 'मेक'चा टू परत येतो: 'वी वेअर मेड टू वेट'. वाक्यरूपांतरात मुलं हा टू विसरतात.

परळची शिकवणी
'लावायचं–लावल्याचं' उद्याच घेते. एक राहिलंच: 'आय सॉ हिम क्रॉसिंग द ट्रॅक्स'मधलं 'क्रॉसिंग' मुलं जेरंड म्हणून अधोरेखित करतात.

दादर पश्चिम
ते जेरंड नाही, पार्टिसिपल आहे. तो काय करत होता, ते सांगतं. जेरंड नामाचं काम करतो, म्हणून त्याच्या जागी 'इट' ठेवता येतं. 'क्रॉसिंग द ट्रॅक्स इज डेंजरस': 'इट इज डेंजरस' बसतं, म्हणजे जेरंड. 'आय सॉ हिम इट' बसत नाही. 'क्रॉसिंग द ट्रॅक्स इज डेंजरस' या वाक्यात मुलं 'ट्रॅक्स'चा 'स' बघून 'आर' लिहितात. कर्ता 'क्रॉसिंग' आहे, एकवचनी, म्हणून 'इज'च.